कावेरीच्या झोपेचा कौल

चहाचा पहिला घोट तोंडात गेल्याबरोबर मधूला कळलं की त्यात साखरेबरोबर कोकमाची सोलंही पडली आहेत. तो घोट त्याने गिळला. बायकोकडे बघून दुसराही गिळला. कावेरी चुलीपुढे बसली होती, डोळे टक्क उघडे होते, पण फुंकणी नुसतीच तोंडाला लावलेली होती. फुंकायचं राहून गेलं होतं.

"चाय कशी झाली?" तिने विचारलं.

"बरी झाली."

"बरी कशी आसतली? सोलां आमटीत टाकलंय काय चायत, ता माका आठवणा नाय."

"आमटीत पण टाकलंस आसशीत," मधू समजूत घालत म्हणाला.

कावेरीला झोप न लागल्याला नऊ रात्री झाल्या होत्या. पोर रडतं म्हणून आई जागते, हे जगात सगळीकडे चालतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण सहा महिन्यांची सीता तशी गुणी होती. रात्री दोनदा उठायची, दूध प्यायची आणि परत झोपायची. झोपायची नाही ती आई. सीता गप्प झाली की कावेरी तिचा श्वास ऐकत बसे. श्वास ठीक चालला की गोठ्यातल्या म्हशीच्या दाव्याचा आवाज ऐकू येई. दावं ठीक असलं की मागच्या दाराला कडी घातली का, हे आठवत नसे. कडी बघून आली की सासू खोकलेली असे, आणि ती पुन्हा का खोकत नाही, याची काळजी लागे.

घरातल्या बाकीच्यांना असला काही त्रास नव्हता. मधूच्या घराण्याला झोपेचं वरदान होतं. एका रात्री अंगणातला माड पडवीवर कोसळला, ते मधूला सकाळी तोंड धुवायला बाहेर आल्यावर समजलं. त्याची आई रुक्मिणी तर बोलता बोलता झोपायची आणि जागी झाल्यावर तेच वाक्य पुढे चालू करायची.

चहाच्या दिवशीच दुपारी मधू कचेरीतून लवकर घरी आला, तर कावेरी विहिरीपाशी उभी होती. हातात दोर, दोराला कळशी, आणि कळशी विहिरीत. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे.

"काय करतंस गो?"

"तोच इचार करतंय," कावेरी म्हणाली. "पाणी काढूक इलंय काय सोडूक?"

मधूने दोर तिच्या हातातून काढून घेतला. विहिरीचा कठडा त्याच्या गुडघ्याएवढाच होता. एवढी वर्षं ते त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन एस.टी.ने देवगडला डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. "बाळ अंगावर पितंय, म्हणजे झोपेची गोळी देता येत नाही," ते म्हणाले. "यांना दुसरा काही आजार नाही. झोप हवी. अशाच आणखी चार-पाच रात्री गेल्या तर या एक दिवस चालता चालता पडतील. कुठे पडतील ते तुम्ही बघा."

आणि त्यांनी कागदावर लिहून दिलं: रात्री आठ तास झोप. मधू सवयीने तो कागद घेऊन औषधांच्या दुकानात गेला. दुकानदाराने कागद वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली आणि परत दिला.

"ह्या आमच्याकडे नाय. आसता तर पयल्यांदा मीच घेतलंय आसतंय."

कुठे पडतील ते तुम्ही बघा. हे वाक्य मधूच्या कानात परतीच्या एस.टी.त आदळत राहिलं. चुलीत पडली तर? विहिरीत पडली तर? सीता कडेवर असताना पडली तर? मधू तालुक्याच्या कचेरीत कारकून होता. कुठलंही काम महिनाभर लांबवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हता. पण हे काम लांबणीवर टाकता येणार नाही, एवढं त्याला कळून चुकलं.

पहिला उपाय रुक्मिणीने हाती घेतला. "डाक्टराक काय कळता? माज्या आवशीन सात पोरा वाढयल्यान. जायफळ उगाळून दुधातसून घे, ढोरासारी झोपशीत." तिने एक आख्खं जायफळ उगाळून वाटीभर दुधात कालवलं. कावेरीने दोन घोट घेतले आणि तिला मळमळू लागलं. उरलेलं दूध टाकून देणं रुक्मिणीच्या धर्मात बसत नव्हतं, म्हणून ते तिने स्वतःच घेतलं. त्या रात्री रुक्मिणी अशी झोपली की घोरणंसुद्धा बंद झालं. कावेरीने चार वेळा उठून सासूच्या नाकापुढे बोट धरून बघितलं. पहाटे सासू कूस बदलून "मेल्या कोंब्या" असं काहीतरी पुटपुटली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. पण तोवर उजाडलं होतं.

दुसऱ्या रात्री शेजारची मथुरा काशाची वाटी घेऊन आली. मथुरा मासे विकणारी, दिवसभर डोक्यावर पाटी घेऊन चार वाड्या फिरायची. पण तळपाय घासण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. "डोळे मीट गो बाय. शंभर मोजूच्या आधी झोपशीत." तळपायाला खोबरेल लावून ती वाटी घासू लागली. साठ-सत्तरपर्यंत मोजणं ऐकू आलं, मग हात मंदावला, मग थांबला. मथुरा कावेरीच्या पायांवर डोकं टेकून गाढ झोपली होती. कावेरीच्या पायांना मुंग्या आल्या. पण जी बाई पहाटे तीनला बंदरावर जाते तिला उठवायचं कसं? तिने आपल्या अंगावरचं पांघरूण मथुरेच्या अंगावर टाकलं आणि स्वतः थंडीत आढ्याकडे बघत पडून राहिली.

तिसऱ्या रात्री मधूने आपलं अस्त्र काढलं. त्याच्या कचेरीत गोबर गॅस योजनेचं बावीस पानी परिपत्रक आलं होतं. त्याच्या पाचव्या पानापलीकडे जागा राहिलेला माणूस कचेरीत कोणी नव्हता. कंदील जवळ ओढून मधू वाचू लागला. "लाभधारकाने खड्ड्याची जागा निवडताना ती स्वयंपाकघर व गोठा या दोहोंपासून सोयीस्कर अंतरावर असल्याची खातरजमा करावी..." चौथ्या पानावर त्याची हनुवटी छातीला टेकली.

सकाळी तो उठला तर कावेरी त्याच्या उशाशी बसलेली.

"आवो, गोठ्याच्या मागे खड्डो खणलो तर फणसाच्या मुळांका लागात?"

"कसलो खड्डो?"

"गॅसचो. बाविसच्या बावीस पाना वाचलंय मी. रातभर जागा शोधतंय."

आता झोपेच्या आड एक फणसही आला. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच. मधू अंगणात जाऊन फणसाकडे बघत उभा राहिला, आणि माणसांच्या हातून हे होणार नाही हे त्याच्या मनाने घेतलं. राहता राहिला देव.

सोमवारी सकाळी कचेरीला जाण्याआधी तो नारळ पिशवीत लपवून रवळनाथाच्या देवळात गेला. देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि कौल लावायचं काम त्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या गुणाजी घाड्याच्या घराकडे होतं. मधूने त्याला बाजूला घेतलं.

"गुणाजी, वायच खाजगी काम आसा. गाऱ्हाणा घालूचा. पण हळू."

"हळू म्हणजे?"

"म्हणजे देवाक तेवढा कळला म्हणजे झाला."

गुणाजीने त्याच्याकडे दयेने बघितलं. "मधू, ह्यो रवळनाथ बारा वाड्यांचो धनी. तो तुज्या कचेरीतलो सायब नाय, कानात कुजबुजाक."

गुणाजीचा आवाज असा की त्याने इकडे गाऱ्हाणं सुरू केलं की तिकडे समुद्रात होडीवरची माणसं हात जोडत. शिवाय गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायला चार माणसं लागतात, त्याशिवाय ते देवाकडे पोचत नाही. त्या दिवशी नेमकी जत्रेच्या वर्गणीची बैठक होती. चार सोडून चाळीस माणसं मंडपात बसली होती.

"बा देवा रवळनाथा!" गुणाजीने तोंड उघडलं. "आज ह्या तुज्या लेकरान, मधुसूदनान, तुज्या पायाकडे नारळ ठेवल्यान आसा. तेचा कारण काय? तर तेच्या बायलेक राती झोप येणा नाय!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस जणांनी साथ दिली आणि माना वळवून मधूकडे बघितलं.

"कोणाची नजर आसात, कोणाचा वाकडानाकडा आसात, घरातला आसात, भायला आसात, ता सगळा दूर कर, आणि तिका गाढ झोप लागान दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

'घरातलं असेल' हे शब्द मधूला खटकले. पण गाऱ्हाणं मधेच थांबवता येत नाही.

तो कचेरीतून परत येईपर्यंत घराचं पंढरपूर झालं होतं. सकाळपासून वाडीतल्या बायका येत होत्या आणि आलेली प्रत्येक जण उपाय घेऊन आली होती. एकीने उशाखाली सुरी ठेवली. दुसरीने खाट पूर्व-पश्चिम केली. तिसरी म्हणाली, पूर्व-पश्चिम खाटेवर कोणाला झोप लागलीय? मग खाट दक्षिण-उत्तर झाली. संध्याकाळपर्यंत खाट चार वेळा फिरली, आणि दर वेळी तिचं दुसरं टोक कावेरीने धरलं होतं. कोणीतरी कोंबडा आरवून झोपमोड करतो म्हणून त्याला टोपलीखाली घालून आपल्या घरी घेऊन गेलं. आलेल्या माणसाला कोरडं कसं पाठवायचं? कावेरीने त्या दिवशी बावन्न कप चहा केला. शेवटच्या कपांत सोलं होती की नाही, हे कोणी बोललं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण 'घरातलं असेल' या शब्दांना विहिरीवर पाय फुटले. दुपारी ते 'सासूचं काहीतरी असेल' झाले. दिवेलागणीला कोणीतरी रुक्मिणीच्या तोंडावरच विचारलं, "काय गो रुक्मिणी, सुनेक झोपाक देणस नाय म्हणतत, ता खरा काय?"

रुक्मिणीचा तिळपापड झाला. तिने ट्रंक बाहेर काढली. "माज्यार आळ? माज्यार? मी स्वता झोपलेला आसतंय, मी तिका कशी उठवतलंय? उद्याच्या पयल्या गाडयेन मी वेंगुर्ल्याक जातंय भावाकडे!"

"आये, आयका तरी..." कावेरी रडवेली झाली.

"तू गप ऱ्हव. तू झोप आधी!"

मधू खांबाला टेकून उभा होता. आई वेंगुर्ल्याला गेली तर कावेरी पाण्याला जाताना सीतेला कोण बघणार? ती विहिरीवर कडेवर मूल घेऊन जाणार. गुडघ्याएवढा कठडा त्याला डोळ्यांसमोर दिसू लागला.

तेवढ्यात भाई गावकर अंगणात आले. भाई म्हणजे गावचे पहिले मानकरी. त्यांच्या मिशा आणि त्यांचा शब्द, दोन्ही कोणी वाकवलेले नव्हते.

"मधू, गाऱ्हाणा देवाकडे गेला, म्हणजे ता घरचा ऱ्हवाक नाय, गावाचा झाला. आता खरा काय आणि खोटा काय ता देवच सांगात. आज रातीच कौल लावया. आठय मानकरी येतले. हिका घेवन ये."

"भाईनू, ती उभी ऱ्हवाक शकणा नाय."

"मगे बसान ऱ्हवात. आणि रुक्मिणे, ट्रंक आत ठेव. देवाचो कौल पडासर गावाभायर कोण जाणा नाय."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बाईला हवी होती झोप, आणि तिला पौषातल्या थंडीत रात्रीचं देवळाकडे चालवत न्यायचं ठरलं. मधूने एका हाताने कंदील धरला, दुसऱ्याने कावेरीचा दंड. तो तिच्या प्रत्येक पावलाकडे बघत होता आणि स्वतः तीनदा ठेचकाळला. मागून रुक्मिणी सीतेला घेऊन येत होती, आणि देवाकडून स्वतःची सुटका करून घ्यायची असल्यामुळे ताठ चालत होती. मथुराही निघाली.

देवळात आठ मानकरी आपापल्या मानाच्या जागी बसले. दोघांचं जागेवरून थोडं वाजलं, पण ते दर वेळी वाजतं. कावेरीला मागच्या खांबापाशी घोंगडीवर बसवलं. सीता मधूच्या मांडीवर आली.

गुणाजीने देवाला विचारायचा प्रश्न भाईंनी ठरवून दिला. "बाकीच्या भानगडी नको. सरळ विचार. आज राती हिका झोप लागतली काय? लागत आसात तर उजवो दी, नसात तर डावो."

गुणाजीने फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवाच्या पाषाणावर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. आधी जी पडेल तो कौल. आणि त्या गावची रीत अशी की पाकळी पडेपर्यंत मानकऱ्याने जागचं उठायचं नाही, आणि नजर काढायची नाही. एरवी हे घटकाभरात उरकतं. पण त्या दिवशी हवेत दव होतं, पाषाण ओला होता, आणि पाकळ्या जन्मल्यापासून तिथेच असल्यासारख्या बसल्या होत्या.

अर्धा तास गेला, तास गेला. आठ मानकरी, गुणाजी, मधू, मथुरा आणि रुक्मिणी, बारा जणांचे चोवीस डोळे पाकळ्यांवर खिळले होते. मधूच्या मनात देवाशी एकतर्फी बोलणं चाललं होतं. डावी पडली तर उद्या काय? परवा काय? मी कचेरीत गेल्यावर हिच्याकडे कोण बघणार? त्याला घाम फुटला होता, आणि थंडीने दातही वाजत होते.

उजवी पाकळी सुटली, गिरकी घेऊन खाली आली.

"व्हय म्हा..." गुणाजीने तोंड उघडलं तोच मथुरेचा माशांचा वास येणारा हात त्याच्या तोंडावर बसला. तिने डोळ्यांनी मागे खूण केली.

खांबाला डोकं टेकून कावेरी झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं, हात उताणे मांडीवर पडले होते. सगळे बघत राहिले. मधूला रडू कोसळेल असं वाटलं, पण रडण्याचा आवाज होईल म्हणून त्याने ते गिळलं.

"देवान दिल्यान," एक मानकरी कुजबुजला आणि उठायला गेला. त्याच्या गुडघ्याने कट्‌ असा आवाज केला. कावेरीची भुवई हलली.

"खाली बस!" भाई दबक्या आवाजात गरजले. "काय कळता तुका? देवान सांगलेला आसा, आज राती झोप लागतली. आता तुज्या पायांच्या आवाजान ती उठली तर देव खोटो पडलो. कोण घेता आपल्या डोक्यार?"

कोणीच घेईना. देवळाच्या दारापर्यंत जायचं तर लाकडी पायरी वाजते. दार उघडलं तर बिजागऱ्या ओरडतात. बाहेर कुत्रा. मानकऱ्यांनी मनातल्या मनात सगळ्या वाटा चालून बघितल्या आणि सगळे होते तिथे बसून राहिले. उपरणी खांद्याभोवती आवळली गेली. डास आले. डास मारायचा तर टाळी वाजणार, म्हणून आठ मानाच्या पाठी त्यांना मोकळ्या सोडल्या गेल्या.

मध्यरात्री खरं संकट आलं. मधूच्या मांडीवर सीता हलली. तिने ओठ काढले. मधूला माहीत होतं, यानंतर मोजून पाच श्वास आणि मग ती किंकाळी, जी कावेरी सात भिंतींपलीकडून ऐकते. तो तिला उजवीकडे हलवी, डावीकडे हलवी, आणि सीता श्वास भरत चालली.

"हडे दी," भाई म्हणाले.

भाईंना सहा मुलं आणि चार नातवंडं होती. त्यांतल्या एकालाही त्यांनी रडताना हातात घेतलं नव्हतं. रडलं की "गो, ह्याका बघ" एवढंच त्यांचं काम. त्यांनी सीतेला दोन्ही हातांनी समोर धरलं. तिने मिशा बघितल्या, भरलेला श्वास सोडून दिला आणि एक मिशी मुठीत घट्ट पकडली. भाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

रुक्मिणी तेवढ्यात अनवाणी उठली. वाजणारी पायरी तिने ओलांडली, दार आपल्या अंगाने दाबून उघडलं आणि एकटी अंधारात घरी गेली. परत आली ती बोंडलंभर कोमट दूध आणि आपली स्वतःची गोधडी घेऊन. गोधडी तिने सुनेच्या अंगावर इतक्या हलक्या हाताने टाकली की मधू आपल्या आईकडे बघतच राहिला. मग ती खांबासमोर मांडी घालून बसली. रात्रभर बसली. त्या बाईने जन्मात पहिल्यांदा एक अख्खी रात्र उघड्या डोळ्यांनी काढली.

सीता दूध प्यायली आणि झोपायचं सोडून खेळायला लागली. ती भाईंकडून दुसऱ्या मानकऱ्याकडे, तिसऱ्याकडे, मानाच्या क्रमाने आठव्यापर्यंत गेली आणि परत भाईंकडे आली. पाचव्या मानकऱ्याच्या धोतरावर तिने आपलं काम उरकलं. तो दगडासारखा बसून राहिला. "काय करू?" त्याने ओठांनीच विचारलं. "धू," मथुरेने ओठांनीच सांगितलं.

कावेरीला जाग आली तेव्हा ऊन देवळाच्या चौकटीत आलं होतं. ती दचकून उठली. "सीता खंय?"

आठ बोटांनी भाईंच्या खांद्याकडे दाखवलं. सीता तिथे झोपली होती. भाईंची मान वाकडी झाली होती आणि ती पुढे चार दिवस तशीच राहिली.

"बघलंस?" गुणाजी बसल्या आवाजात म्हणाला. "देवान झोप दिल्यान मां?"

कावेरीने सगळ्यांकडे बघितलं. लाल डोळे, डासांनी फुगलेली तोंडं, सासूच्या मांडीवरचं रिकामं बोंडलं. ती ओशाळली.

"देवान दिल्यान आसात. पण खरा सांगू काय? मी खांबाक टेकलंय, आणि बघलंय तर तुमी सगळे जागे. आये जागी, हे जागे, सीता ह्येंच्या मांडयेर. म्हटला, बारा माणसा डोळे उघडे ठेवन बसली आसत. आता माका जागा ऱ्हवाचा काय काम? मगे माका काय आठवणा नाय."

भाईंनी सीतेला तिच्या हवाली केलं आणि सगळे मानकरी पायऱ्या उतरून आपापल्या घरी गेले. दिवसभर ते मेल्यासारखे झोपले.

त्यामुळे विहिरीवर काय चाललं होतं ते त्यांना समजलं नाही. मथुरेने कावेरीचे शब्द जसेच्या तसे विहिरीवर पोचवले. ऐकून बायका कळश्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. मग भाईंची बायको लक्ष्मी म्हणाली, "मी पण काल झोपलंय गो. बत्तीस वर्षांत पयल्यांदा. राती पाणी मागूक कोण नाय, पाय चेपूक कोण नाय." दुसरी म्हणाली, तीही झोपली. तिसरीने सांगितलं की तिची दोन पोरं रात्रभर रडली, पण निदान त्यांचा बाप घोरत नव्हता. यानंतर बोलणं हळू आवाजात झालं, आणि ते मथुरेनेही कोणाला सांगितलं नाही.

दिवेलागणीला भाई उठले, वाकड्या मानेने पडवीत आले. पाट मांडलेला असेल म्हणून बघितलं, तर लक्ष्मी दारात उभी. एका हातात त्यांची शाल आणि कंदील, दुसऱ्या हातावर सर्वांत धाकटा नातू.

"जेवण डब्यात बांधलंय. जावा."

"खंय जावा?"

"देवळात. बैठक आसा मां?"

"आज कसली बैठक?"

"ती तुमी ठरवा. सक्काळपर्यंत."

तिने नातू त्यांच्या हातात दिला आणि दार लोटून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. नातवाने तोवर मिशी पकडली होती.

देवळाच्या पायरीपाशी पोचले तर आत कंदील दिसले. एक, दोन, सात. मानकरी आपापल्या मानाच्या जागा सोडून, जिथे वारा लागणार नाही तिथे बसले होते, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर किंवा मांडीवर एकेक मूल होतं. एकाच्या तर दोन्ही मांड्यांवर. तू इथे कसा, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं. खांबापाशी मधू सीतेला थोपटत बसला होता. त्याने सरकून भाईंना घोंगडीवर जागा करून दिली.

भाई जपून खाली बसले. नातवाचं डोकं खांद्यावर नीट घेतलं. मग इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "कावेरी?"

"झोपली," मधू म्हणाला. "मी निघताना मागच्या दाराक कडी घातलंय काय, ता पण इचारूक नाय."